हसण्याची पक्की प्रत

लंडनच्या ज्या लायब्ररीत आमचं प्रशिक्षण व्हायचं, तिच्या बेसमेंटमधल्या खोलीत हीटर चालू झाला की भिंतीच्या आतून कोणी हातोडी मारतंय असा आवाज यायचा. पहिल्या शनिवारी ट्रेनर बाई बोलता बोलता थांबल्या, भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "हाही आला आहे. याचीही हजेरी लावा." सगळे हसले. मीही हसले, पण मला विनोद नीट कळला नव्हता.

हे लंडन कॅनडातलं. आईला मी हे कितीदा तरी सांगितलं आहे. तरी गावात ती "माही पोरगी लंडनले हाये" एवढंच सांगते आणि फोनवर मला विचारते, "रानी दिसते का वं कधी?"

२०१७ सालची गोष्ट. मी तेव्हा सप्लाय टीचर होते. कुठल्या शाळेत कोणी शिक्षक आजारी पडला की सकाळी फोन यायचा, मग डबा घेऊन त्या शाळेत जायचं आणि एक दिवस दुसऱ्याच्या वर्गाला सांभाळायचं. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला माझं काम आवडलं. तिने माझं नाव या प्रशिक्षणाला घातलं. कृष्णवर्णीय कलाकारांनी स्वतःच्या तोंडून सांगितलेल्या आठवणी वर्गात कशा वापरायच्या, हे शिकवणारे सहा शनिवार होते. आजही मी त्या मुख्याध्यापिकेची आभारी आहे, आणि पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नाही.

ट्रेनर बाई स्वतः कृष्णवर्णीय होत्या, उंच, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. वीस वर्षं शाळेत शिकवून झालेली. त्या म्हणाल्या, "आमच्याबद्दल पुस्तकात एक परिच्छेद असतो. मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. पण एखादी म्हातारी स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून बोलायला लागली की मुलं ऐकतात." आम्हा प्रत्येकाला जवळपासच्या एका कलाकाराकडे जाऊन तासभर रेकॉर्डिंग करायचं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि वर्गासाठी एक क्लीन कॉपी तयार करा."

हे दोन शब्द मी वहीत लिहून त्यांच्याखाली रेघ मारली. क्लीन कॉपी म्हणजे काय हे मला कोणी समजवायची गरज नव्हती. ते मला चौथीपासून ठाऊक होतं.

विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावात शाळेत दोन वह्या असायच्या. कच्ची आणि पक्की. कच्च्या वहीत पेन्सिलने भराभर लिहायचं, खाडाखोड चालायची. घरी येऊन तेच पक्क्या वहीत शाईने, समास सोडून, सुवाच्य अक्षरात उतरवायचं. बाई फक्त पक्की वही तपासायच्या. कच्ची वही भरली की आई ती रद्दीत द्यायची, किंवा तिच्या पानांवर पापड वाळत घालायची. माझी पक्की वही शाळेत सगळ्या वर्गांतून फिरवली जायची. सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बाईची मुलगी असं लिहिते, हे दाखवायला.

शाळेतल्या त्याच बाईंनी मला एकदा उभं करून दहा वेळा "पाणी" म्हणायला लावलं होतं, कारण मी "पानी" म्हणाले होते. वर्ग हसला. घरी गेल्यावर मी आईला समोर बसवलं. "आई, पानी नाही. पाणी." आई हसत हसत म्हणून पाहायची आणि तिची जीभ परत "न"वर यायची. मी हट्टाने रोज तिची शिकवणी घेत असे. पुढे पुढे शाळेतल्या कोणासमोर ती बोलेनाशीच झाली. नुसती मान हलवायची. तेव्हा मला वाटायचं, चला, निदान चुकत तरी नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मग बी.एड. त्या बाईंचे उपकार मी नाकारत नाही. त्या दहा वेळच्या "पाणी"शिवाय मी इथवर आलेच नसते.

माझ्या वाट्याला आलेल्या चित्रकार आजी लंडनपासून गाडीने तासाभरावर राहायच्या. त्यांचे पूर्वज कॅनडा नावाचा देश झाला त्याच्याही आधी तिथे येऊन वसले होते. ऐंशी ओलांडलेल्या होत्या. त्या जुन्या दारांवर चित्रं काढत. पडलेल्या घरांची, कोठारांची दारं गोळा करायची आणि त्यांच्यावर त्या वस्तीतल्या अशा माणसांचे चेहरे रंगवायचे, ज्यांचा कोणी कधी फोटोच काढला नव्हता.

दारातच त्यांनी विचारलं, "तू कुठली?"

"भारतातली. महाराष्ट्रातली. म्हणजे आता इथलीच, लंडनची."

"मलाही लोक विचारतात, कुठली. मी सांगते, या रस्त्याची. मग म्हणतात, तसं नाही, मूळची कुठली. ऐंशी वर्षं झाली विचारतायत, हनी. विचारणाऱ्यांतले काही तर कालच आलेले असतात." मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "तू कधी आलीस?"

"चार वर्षं झाली."

"म्हणजे कालच." त्या खळखळून हसल्या. "पण तू विचारलं नाहीस. तुला कॉफी मिळेल."

आणि कॉफी ओतता ओतता म्हणाल्या, "वी बिन हिअर."

व्याकरणाने पाहिलं तर त्यात एक "हॅव" कमी होतं. पण "बिन" हा शब्द त्यांनी असा दाबून, लांबवून म्हटला की त्याचा अर्थ मराठीत सांगायचा तर "आम्ही इथे आहोत, केव्हापासूनचे आहोत ते विचारूच नका" असा काहीसा करावा लागेल. हा अर्थ मला आज कळतो.

स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेलं एक दार होतं. त्यावर टोपी घातलेला एक तरुण. डोळे, नाक, टोपीची सुरकुती, सगळं पूर्ण. फक्त तोंडाच्या जागी रंग नव्हता, नुसतं लाकूड होतं.

"माझा भाऊ," आजी म्हणाल्या. एकोणिसाव्या वर्षी तो सरोवरातल्या मालवाहू बोटींवर कामाला गेला आणि दुसऱ्याच हंगामात बुडाला. त्या तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. त्याचा एकही फोटो नाही. "तोंड मला जमत नाही. ते कधी मिटलेलं मी पाहिलंच नाही. सारखा हसायचा. आणि हसायचा कसा, तर हातपंपासारखा. हातपंप पाहिला आहेस?"

"आमच्या गल्लीत होता. आम्ही हापसा म्हणतो."

"मग तुला कळेल. आधी दोन कोरडे हिसके, घशातून, नुसती हवा. वाटतं, येतच नाही आता. आणि मग भसकन सगळं." त्यांनी रेकॉर्डरकडे बोट दाखवलं. "लाल दिवा चालू आहे ना?"

"आहे."

"त्याला ओळखणारं आता कोणी उरलेलं नाही. मी गेले की हे हसू कोणाकडेच नसेल. म्हणून तुझ्या यंत्राला मी घरात येऊ दिलं. मुलांना बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल, हे दाखव."

मग त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही, केटलीचा थंड होतानाचा टक टक आवाज तेवढा येत होता. आणि त्यांच्या घशातून दोन कोरडे हिसके आले. नंतर जे आलं ते त्यांचं हसू नव्हतंच. ते एका दांडग्या पोराचं, टोपी मागे सारणारं हसू होतं, आणि ते ऐकून मीही, काही कारण नसताना, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"झालं," त्या म्हणाल्या. दमल्या होत्या. "पुन्हा मागू नकोस. दरवेळी येत नाही."

त्या आठवड्यात तीन संध्याकाळ मी जेवणाच्या टेबलावर बसून कानाला हेडफोन लावून ते सगळं टाइप केलं. आधी जसंच्या तसं. मग, सवयीप्रमाणे, पक्कं. दोनदा आलेली वाक्यं एकदाच ठेवली. अडखळणं काढलं. क्रियापदं नीट केली. "वी बिन हिअर"मध्ये "हॅव" घातलं. केटलीची शांतता तर लिहिण्यासारखी गोष्टच नव्हती. आणि हसू आलं तिथे मी थांबले, कारण त्याला शब्द नव्हता. शेवटी लिहिलं, "हिज लाफ वॉज हार्टी." त्याचं हसणं मनमोकळं होतं. चार पानं झाली, एकही चूक नाही. माझ्या नवऱ्याने वाचून म्हटलं, "पुस्तकातल्यासारखं वाटतंय गं." मला फार बरं वाटलं.

रेकॉर्डर शनिवारी पुढच्या शिक्षकाला द्यायचा होता. त्याच्या डबीत चिठ्ठी होती, रिकामा करून द्यावा. वर्ग म्हणजे पाठ आणि पाठ म्हणजे कागदावरचा मजकूर, याच्यापलीकडे माझ्या डोक्यात दुसरं काही येणं शक्य नव्हतं. सगळं पुसायचं का, असं यंत्राने विचारलं. मी हो म्हटलं. यंत्राने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. कच्ची वही भरली होती.

प्रशिक्षणाचा एक नियम होता. मजकूर वापरण्याआधी ज्याचा आहे त्याला दाखवायचा. पुढच्या रविवारी मी चार पानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आजींकडे गेले. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचायला लागल्या. पहिलं पान संपल्यावर म्हणाल्या, "ही कोण बोलतेय?"

"तुम्ही."

"छे. ही बाई कॉलेजला गेलेली दिसते. चांगली आहे हं. मला आवडली. चर्चमध्ये भेटली तर शेजारी बसवून घेईन. पण ही मी नाही."

मी हसले. मला वाटलं, कौतुकच चाललंय. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हार्टी," त्या म्हणाल्या. "हार्टी तर सूप असतं, पोटभरीचं."

मी रिकामा फोल्डर बंद केला.

"असू दे. कागद तो कागदच. यंत्र लाव. मला त्याला ऐकू दे."

मी रेकॉर्डर आणलाच नव्हता. आधी तेवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पुढच्या वेळी आण. तेव्हा मला सांगावं लागलं की रेकॉर्डर दुसऱ्याकडे आहे आणि त्यात आता काही नाही.

"सगळं?"

"सगळं."

आजी उठल्या. सिंकमधले दोन कप, जे धुतलेलेच होते, त्यांनी पुन्हा धुतले. माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "का?" मी त्यांना कच्च्या आणि पक्क्या वहीबद्दल सांगितलं. रद्दीबद्दलही सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. मला वाटलं, समजलं तर राग कमी येईल.

"म्हणजे मी रद्दी," त्या म्हणाल्या.

"नाही हो, आजी, म्हणजे, तसं नाही..."

"हनी, मी विचारत नाहीये."

परतताना मी गाडी दोनदा रस्त्याच्या कडेला थांबवली.

ट्रेनर बाईंना मी शनिवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी गाठलं. त्यांनी रेकॉर्डर मागवून घेतला, ओळखीच्या एका तंत्रज्ञाला दिला, पण मधल्या काळात त्यावर दुसऱ्या शिक्षकाचं दोन तासांचं रेकॉर्डिंग चढलं होतं. खालचं काही निघालं नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा दोरीवर सोडून दिला.

"मी क्लीन कॉपी म्हटलं ते रेकॉर्डिंगबद्दल. मध्ये कोणाचा फोन नंबर, पत्ता आला असेल तर तेवढा काढून केलेली दुसरी प्रत. नीट सांगायला हवं होतं. चूक माझीही आहे."

त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"इतकं साफ करायला तुम्हाला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. मी त्यांना त्या दहा वेळच्या "पाणी"ची गोष्ट सांगितली. न आणि ण यांतला फरक त्यांना ऐकू येईना, मला दोनदा म्हणून दाखवावा लागला.

"हा? एवढाच फरक?"

"एवढाच."

त्या म्हणाल्या, "मलाही शाळेसाठी वेगळं बोलायला शिकवलं होतं. माझ्या आईनेच. पण ती म्हणायची, घरचं टाकायचं नाही, दोन्ही ठेवायचं." भिंतीतला हीटर ठोकायला लागला. या वेळी कोणी हसलं नाही, कारण खोलीत आम्ही दोघीच होतो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आजींनी मला पुन्हा बोलावलं. ट्रेनर बाईंनी त्यांना फोन केला होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी पहिला बर्फ पडला होता. त्यांच्या पायऱ्यांवरचा बर्फ मी फावड्याने काढायला लागले, तर त्या खिडकीतून ओरडल्या, "तेही साफ करतेस का? त्याला परवानगी आहे!" मला हसू आलं आणि रडूही.

टेबलावर मी दोन रेकॉर्डर ठेवले. आजींनी दोन्ही लाल दिवे स्वतः पाहिले. भावाची गोष्ट पुन्हा सांगितली, थोडी आटोपती. मग डोळे मिटले. घशातून पहिला कोरडा हिसका आला. दुसरा आला. मग त्या हसल्या, आणि डोळे उघडले.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

"पुन्हा पाहू या? घाई नाही."

त्यांनी पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदाही. मग हात हलवून थांबवलं. "पंप कोरडा पडला. त्या दिवशी जे होतं ते तळाचं होतं बहुतेक." दारावरच्या बिनतोंडाच्या भावाकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना काय गमावल्यासारखं वाटत होतं ते मी सांगू शकत नाही. मला दिसलं ते इतकंच, की उठताना पहिल्यांदा त्यांनी टेबलाचा आधार घेतला.

निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "तू ऐकलंयस ना? त्या दिवशी?"

"ऐकलंय."

"मग आता तूच आहेस," त्या म्हणाल्या. मनगट लगेच सोडलं नाही.

त्याच रविवारी मी आईला फोन केला आणि सांगितलं, आई, आज मी तुझं बोलणं रेकॉर्ड करणार आहे. जिनिंगमधल्या दिवसांचं सांग, काहीही सांग.

तिकडून एक अनोळखी, ताठ आवाज आला. "नमस्कार. मी बरी आहे. तुमची तब्येत कशी आहे? आमच्याकडे सगळं ठीक आहे. पाणी... पाणी भरपूर आहे."

ण इतका घट्ट, की तो म्हणताना तिची मान वर झाली असेल, हे मला दिसलं.

"आई, तू आपलं बोल ना."

"आपलंच तर बोलून राहिली. रेकॉड व्हते म्हनलं ना तू? मंग नीट नको का बोलू? तुह्या शाळेतले लोकं आयकतीन."

मी बंद केलं आणि तसं सांगितलं.

"केलं बंद? हां. अवं, पानी कायचं आलं! चार रोज झाले, नळच नाही. मी न् शेजारची, आमी दोघी टँकरच्या मांगं पयत होतो, तिची चप्पलच गेली नालीत..." आणि ती हसायला लागली, पुढचं तिला बोलताच येईना.

लाल दिवा बंद होता. परत चालू करावा असं वाटलं, पण ते तिच्यापासून लपवून करावं लागलं असतं. आजींच्या बाबतीत जे झालं त्यानंतर मला ते जमलं नाही. माझ्याकडे आईचं रेकॉर्डिंग आहे ते एवढंच, नमस्कारापासून भरपूर पाण्यापर्यंत.

आजी फेब्रुवारीत गेल्या. अंत्यविधीला चर्चमध्ये त्यांची दारं भिंतींना टेकवून उभी केली होती. मी मागच्या रांगेत बसले होते. भावाचं दार सगळ्यांत पुढे होतं. तोंडाच्या जागी अजून लाकूडच होतं.

पुढच्या वर्षी मला कायमची नोकरी मिळाली, सातवीचा वर्ग. दर शरद ऋतूत मी मुलांना आजींचं दुसरं रेकॉर्डिंग ऐकवते. "वी बिन हिअर" तीनदा ऐकवते. मग माझी ती चार पानं वाटते आणि सांगते, या पानांत काय काय नाही ते शोधा. मुलं हुशार असतात. "हार्टी"पाशी येऊन थांबतात. मग मी काय केलं ते त्यांना सांगते, यंत्राने दोनदा विचारलं होतं हेसुद्धा.

पहिल्या वर्षी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "पण मिस, तुम्ही तर ऐकलं होतं ना? मग करून दाखवा ना."

मी डोळे मिटले, आजी मिटायच्या तसे. पहिला कोरडा हिसका मला येतो. दुसराही येतो. तिथपर्यंत मी दर वर्षी जाते.